चुलीमागची भिंत
शेणामातीचा वास आला की मला आमची चुलीमागची भिंत आठवते. घर सावकाराकडे गहाण होतं आणि मुदत चुकली तर जाणार होतं. घरात पैसा टिकत नव्हता, म्हणून दर बाजाराच्या दिवशी मी मजुरीतली आठ आण्यांची अधेली त्या भिंतीत दाबून वरून सारवून टाकायची. सासू म्हणायची, "सावकाराची भिंत एवढी सारवतं कायले वं?" मी सारवतच राहायची. मुदतीला वर्ष असतानाच मी पहारीने भिंत फोडली. पुढ्यात ओतलेली मातीने माखलेली नाणी पाहून सावकाराचं तोंड उतरलं. "एवढी घाई काहून, बाई?" "गहाणाचा कागद द्या," मी म्हटलं. कागद घेऊन घरी आले तर सासू शेण कालवत बसलेली. "सरक, आता आपली भिंत हाय," म्हणत तिनेच भगदाड बुजवलं. आता घर सिमेंटचं आहे. सारवणं सुटलं, त्याचं मला काही वाईट वाटत नाही.