काढून टाकलेला आवाज

माझं माजलगावात लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे आणि माझा मित्र कतारमध्ये ट्रक चालवतो. नेकनूरच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. तीन वर्षांपूर्वी फोनवरच्या 'काय चाललंय, काही नाही'चा दोघांनाही कंटाळा आला. मग ठरवलं, दर शुक्रवारी एकेक मिनिटाचं शूटिंग एकमेकांना पाठवायचं. बोलायचं नाही, समोर आहे ते दाखवायचं. मी दोन्ही तुकडे शेजारी शेजारी जोडायचो. त्याच्या बाजूला वाळूतला सरळ रस्ता, माझ्या बाजूला धरणाचं पाणी. ऐटीत मी त्याला 'आपली डॉक्युमेंटरी' म्हणायचो.

मागच्या हिवाळ्यात तो म्हणाला, "एकदा आमच्या बापूला मेंढरांमागं दाखव." नेकनूरला त्याच्या वडिलांकडे जाऊन मी झकास शूटिंग केलं. पण हात पडला लग्नाचा! लग्नातला कालवा आम्ही आधी बंद करतो आणि वरून सनई टाकतो. त्याच सवयीनं मी बापूंचा आवाज काढला, बासरी टाकली आणि पुढच्या लग्नासाठी कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड रिकामं केलं.

मित्राचा फोन आला. "बापू मेंढरांना हाक मारतेत, तोंड हलतंय. आवाज कावून काढला बे? फोनवर तर ते 'बरं हाय' म्हणून ठिवून देतेत. मला ती हाकच ऐकायची हुती."

वर मीच चिडलो, "आधी सांगायचं ना!" त्यानं फोन ठेवला. पुढचे दोन शुक्रवार त्याचं काहीच आलं नाही. मला जेवण गोड लागेना.

पुन्हा नेकनूर गाठलं, तर मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळून ठेवलेली. गुडघे चालेनात म्हणून बापूंनी कळप विकला होता. मी म्हणालो, "बापू, नुसती हाक मारा."

"मेंढरंच न्हाईत. कुणाला हाक मारू, येड्यावानी?"

शेवटी खरं सांगून टाकलं. तुमचा आवाज मी पुसला, तुमचं पोरगं माझ्यावर रुसलंय.

बापू उठून माळाकडे तोंड करून उभे राहिले. मग दोन्ही हात तोंडाशी धरून त्यांनी पोराच्या नावानं हाक मारली. "ये रं घरी! लई दिस झाले!"

कॅमेरा चालू होता. मला माझीच लाज वाटली. तीन वर्षं मी त्याला धरणाचं पाणी दाखवत होतो, पण 'ये' असं एकदाही म्हणालो नव्हतो.