पाण्यावर रोखलेला हात

संघपाल रामटेकेचा उजवा हात बधिर आहे हे पुनर्वसनातल्या साऱ्या गावाला ठाऊक आहे, का आहे ते मात्र कोणालाच ठाऊक नाही. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सुई टोचून पाहिली, नागपूरच्यानं यंत्रात घालून पाहिलं. नस ठीक, हाड ठीक, रिपोर्ट नॉर्मल. तरी चहाचा कप तो डाव्या हातानं धरतो आणि सदऱ्याच्या गुंड्याही डाव्यानंच लावतो. "जहाजाचे दोर ओढले ना जी सव्वीस वर्षं, त्याचं फळ," असं शेजारच्या सुशीलाबाई सांगतात. सुशीलाबाईंना जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण माहीत असतं, स्वतःच्या गुडघ्याचं सोडून.

आमचा जिल्हा तळ्यांचा. वैनगंगा आहे, गोसीखुर्दचं धरण आहे, धरणाखाली गेलेली गावं आहेत. समुद्र मात्र कोणत्याही बाजूनं गाठायचा म्हणजे रेल्वेत एक रात्र तरी काढावी लागते. अशा ठिकाणचं पोरगं नौदलात गेलं आणि पुढे केरळच्या किनाऱ्यावरच्या अकादमीत भावी अधिकाऱ्यांना शिकवू लागलं, याचं गावाला फार कौतुक. तिथं चार्टवरून वाट काढायला शिकवणारे वेगळे, तोफा आणि क्षेपणास्त्रं शिकवणारे वेगळे. संघपालकडे दोर, गाठी, वल्ही आणि होड्या. तो स्वतः अधिकारी नव्हता. शिकवलेली पोरं मात्र अधिकारी व्हायची. काल ज्याला "गाठ बांधतोस का बुटाची नाडी?" म्हणून झापलं, त्यालाच निरोपाच्या परेडनंतर कडक सलाम ठोकायचा, ही तिथली रीत. संघपालला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट सलाम ठोकताना तो मनात म्हणायचा, बेट्या, गाठ नीट बांध.

त्याचा एक धडा मात्र पोरं जन्मभर विसरत नसत. जहाजावरून माणूस पाण्यात पडला तर काय करायचं, हा तो धडा. जो पहिल्यांदा पाहील त्यानं जोरात ओरडायचं, हात लांब करून त्या माणसाकडे बोट रोखायचं आणि नजर हलवायची नाही. जहाज वळवणारे दुसरे असतात, होडी उतरवणारे तिसरे असतात. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, एकदा नजर हटली की गेलं. म्हणून आपण फक्त बोट दाखवायचं, आणि "माणूस मिळाला, हात खाली" असा हुकूम आल्याशिवाय हात खाली आणायचा नाही. संघपाल नारिंगी कपड्यातला बाहुला पाण्यात फेकायला लावी आणि कॅडेटला उन्हात अर्धा अर्धा तास तसं उभं करी. एकानं घाम पुसायला हात खाली घेतला, तर त्याला म्हणाला, "मेला तो. आता त्याच्या मायला पत्र तू लिहिशील?" पोरगं रडलं. संघपालनं त्याला रडता रडता हात वर ठेवायला लावलं.

तीन वर्षांपूर्वी, सप्टेंबरात, तो सुट्टीवर आला होता. धाकटा भाऊ प्रफुल्ल म्हणाला, "चाल दादा, आपलं जुनं घर दाखवतो." जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. वरून दिसायचं काहीच नाही, पण प्रफुल्लला पाण्यातल्या वाळक्या झाडांवरून अख्खं गाव ओळखता येई. त्यानं धनीरामचा डोंगा मागून घेतला. मासे धरणारा धनीराम ढिवर म्हणजे या पाण्याचा राजा, त्याला डोंगा मागायला परवानगी लागते, पण प्रफुल्लला लागत नसे. दोघंच निघाले. प्रफुल्ल उभा राहून बांबूनं डोंगा रेटत होता आणि सांगत होता, "हे विहार. हे चिंच. आता आलंच आपलं आंगन."

चिंचेच्या बुडालेल्या खोडाला डोंगा थडकला. प्रफुल्ल डोंग्याच्या काठावर डोकं आपटून पाण्यात गेला. तो चांगला पोहणारा होता, पण डोक्याला लागल्यावर पोहणं काय कामाचं. वाऱ्यानं डोंगा वीसेक हात पुढे सरकला.

संघपाल उठून उभा राहिला. "माणूस पाण्यात! डावीकडं!" असा तो ओरडला, आणि हात लांब करून त्यानं बोट रोखलं. नजर हलू दिली नाही.

तो तसाच उभा राहिला. दहा मिनिटं असेल, कदाचित जास्त. काठावरून धनीराम आणि त्याचे भाऊ दुसरा डोंगा घेऊन आले, तेव्हाही तो तसाच उभा होता. धनीरामनं बोटाच्या रेषेत बुडी मारली आणि दुसऱ्या बुडीला प्रफुल्लला वर आणलं. जीव गेलेला होता. संघपालचा हात वरच होता. "हात खाली" असं कोणी म्हटलं नाही, दोघांनी मिळून तो हात दाबून खाली केला.

पुढे जे झालं ते वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये. लोकांनी त्याचं कौतुक केलं. धरणात बुडालेला माणूस आमच्याकडे तीन तीन दिवस सापडत नाही, आणि सापडतो तेव्हा आईलाही ओळखू येत नाही. प्रफुल्लचा देह तासाभरात घरी आला. "भावानं बोट हलू नाही दिलं," असं तेरवीपर्यंत जो तो सांगत होता. प्रफुल्लची बायको रीना त्याच्या पाया पडली. संघपालला तेव्हा काहीच वाटलं नाही. रडूसुद्धा आलं नाही. त्याच महिन्यात हाताला मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. मुदत संपताच त्यानं नोकरी सोडली आणि गावी येऊन राहिला. सकाळी उठायचं, विहारात झाडू मारायचा, जेवायचं, झोपायचं. दिवस येत आणि जात.

त्याच्याकडे रोज येणारी एकच, प्रफुल्लची मुलगी रुचिता. लहानपणी तिला त्यानं बैलाच्या दाव्यावर गाठी शिकवल्या होत्या आणि पाण्यात पडलेल्या माणसाचा धडाही घोकून घेतला होता. पोरगी हुशार, शिवाय हट्टी. बारावी झाली, परीक्षा झाल्या, मुलाखत झाली आणि या मे महिन्यात पत्र आलं. तीच अकादमी. बारावीनंतर मुलींना तिथं प्रवेश मिळू लागल्याला फार दिवस झाले नव्हते. गावानं पेढे वाटले.

रुचिता त्याच्यासमोर पेढा धरून बसली. "मोठेबाबा, इंटरव्ह्यूमंदी साहेबानं विचारलं, नेव्हीच काहून? मी तुमचीच गोष्ट सांगतली. माह्या बाबाचा देह सापडला तो तुमच्या बोटामुळं. मले असं शिकायचं आहे, म्हटलं."

संघपालनं पेढा घेतला नाही. तीन वर्षं त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आताही नसतं सांगितलं. आपल्याला या जगात जीव लावणारी ही एकच पोर उरली आहे, सांगितलं की तीही जाईल, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण त्या खोट्यावर ती उभी राहणार होती, उद्या वर्दी घालणार होती.

"रुचिता, वल्हं माह्या पायापाशी होतं," तो म्हणाला.

"कोणतं वल्हं?"

"डोंग्यातलं. तुहा बाबा पडला तवा. वल्हं तिथंच होतं, मले डोंगा वळवता येत होता. उडी मारता येत होती. मी उभा राहिलो. बोट दाखवत."

रुचितानं हातातला पेढा डब्यात ठेवला. मग विचारलं, "कोणाले दाखवून राहिले होते?"

"कोणालेच नाही. सव्वीस वर्षांची सवय, पोरी. दुसरा कोणी वळवंल असं वाटलं. डोंग्यात दुसरा कोणीच नव्हता."

तिनं पेढ्यांचा डबा बंद केला आणि ती निघून गेली. संघपाल बसल्या जागी बसून राहिला. वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

तीन दिवस ती आली नाही. तिच्या घरी बॅग भरणं चालू असल्याचं सुशीलाबाईंकडून कळलं, आणि पोट्टी धड जेवत नाही हेही. चौथ्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. हातात तेलाचा रिकामा प्लास्टिकचा डबा होता, झाकण घट्ट लावलेला.

"चाला," ती म्हणाली. "धनीरामबाबाचा डोंगा आणला. मी माफ नाही केलं तुमाले. माफीसाठी नाही आली."

"बरं," संघपाल म्हणाला आणि चपला घालून निघाला.

पाणी उन्हाळ्यानं उतरलं होतं, चिंचेचं खोड हातभर वर आलं होतं. रुचितानं वल्हं घेतलं. खोडाच्या पुढे गेल्यावर तिनं डबा लांब फेकला आणि बऱ्याच अंतरापर्यंत डोंगा उलट दिशेनं नेला.

"दाखवा," ती म्हणाली.

ज्या हाताला चहाचा कप पेलत नव्हता तो हात वर गेला. बोट रोखलं गेलं. रुचिता डबा पाहतच नव्हती, फक्त त्याच्या बोटाकडे पाहून वल्हं मारत होती. वल्हं काही तिला धड येत नव्हतं. डोंगा दोनदा गोल फिरला, तिचा सदरा भिजला, "डावा हात ढिला सोड," असं संघपाल नजर न हलवता म्हणाला. हळूहळू अंतर कमी झालं. तिनं वाकून डबा उचलला आणि पायाशी ठेवला.

संघपालचा हात वरच होता. आता समोर रिकामं पाणी होतं, बोट तिकडेच रोखलेलं. रुचिताच्या लक्षात आलं. धड्याचा शेवट तिला लहानपणापासून पाठ होता.

ती डोंग्यात उभी राहिली. आवाज चढवून, डोळ्यांत पाणी असताना, दयामाया न आणता म्हणाली, "माणूस मिळाला. हात खाली."

हात हलला नाही. तिनं पुन्हा म्हटलं, "रामटेके, माणूस मिळाला. हात खाली."

हात खाली आला. मांडीवर पडला, आणि खांद्यापासून बोटांपर्यंत अशी कळ गेली की संघपाल वाकला आणि त्यानं डाव्या हातानं तो हात पोटाशी धरला.

"दुखून राहिला का?" रुचितानं विचारलं.

"हो," संघपाल म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. "लय दुखून राहिला."