शेऱ्याचा रकाना

हसीना जिल्दसाज पहिल्यांदा आमच्या गावात आली, तेव्हा गाव जागेवर नव्हतं. किल्लारीपासून दोन कोसांवरचं आमचं गाव भूकंपात बसलं होतं आणि उरलेली माणसं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. चौऱ्याण्णवचा फेब्रुवारी असेल. पुण्याहून एक प्राध्यापक पुनर्वसनाचा अभ्यास करायला आले होते. घरोघर जाऊन फॉर्म भरायला त्यांना दोन पदवीधर हवे होते. एक मी, गावातला. दुसरी ती, लातूरची.

तिचे वडील गुलाम रसूल गंजगोलाईच्या बाजाराजवळ पुस्तकं बांधायचे. कॉलेजातल्या लोकांचे प्रबंध त्यांच्याकडे जिल्द करायला येत. हसीना ते परत जायच्या आधी वाचून काढी. समाजशास्त्राचं वेड तिला असं दुकानातच लागलं, मग तिनं त्यातच बी.ए. केलं. तिला एका जागी बसवत नसे. शेडमध्ये फॉर्म भरतानाही ती उकिडवी बसे, जसं काही लगेच उठायचंय.

संध्याकाळी सर आम्हाला समोर बसवून शिकवायचे. माणूस मनापासून बोलायचा. एकदा ते म्हणाले, "सत्ता म्हणजे फक्त लाठी आणि खुर्ची नव्हे. कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही, हे ज्याच्या हातात असतं, त्याच्याकडे सत्ता असते." मी ते वहीत उतरवून घेतलं आणि विसरलो. हसीनानं वही काढलीच नाही. नुसती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही धुरपताबाईच्या शेडमध्ये गेलो. धुरपताबाई माझी सख्खी चुलती. काका वारल्यापासून बारा वर्षं ती वेगळी राहत होती. पण जमीन आणि घर, दोन्ही कागदोपत्री माझ्या वडिलांच्या, भुजंगरावांच्या नावावर होतं. नवी घरं जमिनीच्या हिशोबानं मिळणार होती. जास्त जमीन, मोठं घर. आमचं नाव मोठ्या घरांच्या यादीत होतं. काकीची चूल वेगळी धरली असती, तर काकांच्या वाट्याची जमीन वजा होऊन आमचं घर लहान झालं असतं.

"कुटुंबप्रमुख कोण?" हसीनानं विचारलं.

"परमुख? त्यो तर मेला."

"मग आता तुमच्या घरात कोण बघतं?"

"मी हाय की. मीच रांधते, मीच खाते."

मी मध्ये पडलो. "ताई, काकी आमच्यातच येतात. बाबांच्या फॉर्मवर घ्या."

हसीनानं माझ्याकडे पाहिलं, मग काकीकडे. काकी पदराचं टोक चोळत होती. हसीनानं माझ्या वडिलांचं नाव लिहिलं, पण शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात भरून टाकलं: बारा वर्षं स्वतंत्र चूल, रोजानं कामाला जाते, दिरानं धान्य देणं बंद केलंय. जागा संपली तेव्हा कागद उलटवून मागे लिहिलं. अशा सत्तावीस बायका निघाल्या, विधवा आणि टाकलेल्या. सत्तावीस फॉर्म दोन्ही बाजूंनी भरले.

सर वैतागले. "हसीना, शेऱ्यात दोन ओळी. कॉम्प्युटरला गोष्टी समजत नाहीत."

"सर, तुम्हीच म्हणाला होता, कुणाला मोजायचं ते…"

"ते तत्त्व आहे. ही पद्धत आहे."

"मग तत्त्व कुठं लिहायचं?"

सर हसले आणि पुढचा फॉर्म उचलला. त्या आठवड्यात त्यांनी मला फॉर्म 'स्वच्छ' करायला सांगितले. पेन्सिलनं लिहिलेलं होतं, त्यामुळे सोपं गेलं. मी सव्वीस फॉर्म खोडले ते सांगितलं म्हणून. सत्ताविसावा, काकीचा, मी सगळ्यांत आधी खोडला होता. तो कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

हसीनाला कळायला वेळ लागला नाही. "रामकिशनभाऊ, तुम्ही खोडलं?"

"सरांनी सांगितलं."

"सगळे?"

मी फॉर्मचा गठ्ठा उगाच सारखा करत बसलो. तिनं आवाज चढवला नाही, त्याचाच जास्त त्रास झाला. तिच्याकडे वडिलांनी बांधून दिलेली एक जाड वही होती. प्रत्येक शेरा तिनं त्यात उतरवून ठेवला होता. पुढच्या सोमवारी तालुक्याला घरांच्या यादीवर हरकती ऐकणार होते. ती दोन जीपगाड्या भरून बायका घेऊन गेली. सरांनी तिला त्या दिवसापासून कामावर येऊ नको म्हणून सांगितलं.

मीही मागून गेलो. का गेलो, ते आजही नीट सांगता येणार नाही. माझे वडील आधीच तिथं पुढच्या बाकावर बसले होते.

अधिकाऱ्यानं वही चाळली. "तुम्ही कुठल्या संस्थेच्या?"

"कुठल्याच न्हाई साहेब."

"मग हे कोणी मान्य करायचं? घरातल्या कुणीतरी सांगायला पाहिजे की चूल वेगळी आहे." त्यानं पहिलं नाव वाचलं. "धुरपताबाई. यांच्या घरचं कोणी आलंय?"

वडिलांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी उभा राहिलो नाही.

काकीच उठली. "त्या लेकराला कशाला इचारता? चला माझी चूल बघायला. अजून राख गरम आसंल."

लोक हसले. अधिकारीही हसला, पण त्यानं सगळ्यांच्या जागेवर पंचनामा करायचा शेरा मारला. पंचनाम्याला घरच्यांची सही लागणार होती. तीन आठवडे मी जेवलो तरी जेवल्यासारखं वाटेना, शेतात गेलो तरी बांधावरून परत येई. शेवटी एका सकाळी तलाठ्याकडे जाऊन सही केली. वडील माझ्याशी दीड वर्ष बोलले नाहीत.

दोन वर्षांत सत्तावीसपैकी सोळा जणींना घरं मिळाली. अकरा जणींच्या घरच्यांनी सही दिली नाही. काकीचं घर सगळ्यांत लहान, शेवटच्या ओळीत. मी बघायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "आठ पावलं भरतंय. पर आतून कडी मी लावते."

सरांचा अहवाल छापून आला. आमची नावं आभारात 'स्थानिक सहकारी' या दोन शब्दांत होती.

पुढं मी लातूरला कोचिंगमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागलो. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला येऊन राहिली होती आणि गल्लीगल्लीत होस्टेलं उभी राहत होती. हसीना एम.ए. करून नांदेडच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, पण सगळे विज्ञानाला पळाले आणि तिची तुकडी बंद पडली. मग ती किनवटकडे एका आश्रमशाळेत गेली. लग्न झालं, मोडलं. त्याबद्दल ती एवढंच सांगे, "त्यांना घरात बसणारी बाई पाहिजे होती."

दोन हजार चौदाला ती माझ्या क्लासच्या दारात उभी राहिली. केस पिकले होते, चाल तीच.

"तुमची हुशारांची पहिली बॅच मोजायचीय," ती म्हणाली. "कुणाच्या घरी जमीन हाय, कुणाच्या न्हाई."

"इथं मार्कांवर बॅच पडते, ताई. जमिनीवर न्हाई."

"हाव ना? मग मोजायला काय भ्यायचं?"

संचालकांना विचारलं असतं तर नकारच मिळाला असता. मी विचारलं नाही. दोन दिवस ती मुलींच्या मेसमध्ये आणि माझ्या स्टाफरूममध्ये बसून विचारत राहिली. ऐंशी मुलं. बिनजमिनीच्या घरातली दोन. मजुराची पोर एकच, मनतशा, धर्माबादच्या हमालाची. तिनं हसीनालाच उलटं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई येत, बेटा," हसीना म्हणाली. "म्हणून तर विचारून राहिले."

संचालकांना कळलं. मला मागच्या बॅचला टाकलं आणि वर्षअखेर निरोप दिला. बायको चिडली. मला मात्र कित्येक वर्षांनी मोकळा श्वास आला आणि त्याच वेळी हातापायाला चैन पडेना.

त्या मोजणीवरचा तिचा लेख एका छोट्या नियतकालिकात आला, तिच्या स्वतःच्या नावानं. अभिनंदनाला फोन केला तर ती रस्त्यावर होती. मागून बकऱ्यांचा आवाज येत होता.

"लेख जाऊ द्या, रामकिशनभाऊ. तो अर्धाच हाय. जे लातूरला पोचले तेवढेच मोजले. किनवटच्या जंगलातल्या पाड्यांवर दहावीनंतर पोरी कुठं जातात, कुणालाच ठाऊक न्हाई. तुम्ही रिकामेच हाय ना?"

सोमवारी मी नांदेडहून किनवटची गाडी पकडली. स्टेशनवर ती नव्हती. तिनं एका रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं. पहिल्या पाड्यावर पोचलो तर ती तिथून पुढं निघून गेली होती. एका म्हातारीनं हातानं वाट दाखवली आणि मी हसीनाच्या मागे चालायला लागलो.