पखवाज कुठं गेला?

भिजवलेल्या कणकेचा वास आला की मला आमच्या सोनई गावातली एक सकाळ आठवते. माझे थोरले चुलते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, आणि त्याचा आवाज घुमावा म्हणून डाव्या बाजूला कणीक लावायचे. मी त्यांचं भजन रेकॉर्ड करून माझ्या छोट्या एमपीथ्री प्लेअरवर घातलं होतं. प्लेअरसोबत आलेले बारके इअरफोन कानात घालून ते ऐकू लागले, आणि त्यांचा चेहराच उतरला. "टाळ हाय, पेटी हाय, माझा पखवाज कुठं गेला? हातात जोरच राहिला न्हाई पोरी. आता मंडळानं दुसरा वादक बघावा." मी घाबरले; पखवाजाचा खालचा घुमारा त्या बारक्या इअरफोनमध्ये येतच नव्हता. धावत जाऊन कॉलेजच्या बॅगेतले कान झाकणारे मोठे हेडफोन आणले, त्याच प्लेअरला जोडले आणि त्यांच्या डोक्यावर चढवले. मग त्यांची बोटं मांडीवर नाचू लागली. "हाय की! लई घुमतोय!" ते इतक्या मोठ्यानं ओरडले की गोठ्यातली गाय दचकून उभी राहिली. त्यानंतर त्यांनी पखवाज सोडायचं नाव काढलं नाही आणि माझे हेडफोनही परत दिले नाहीत. आज मी स्वतः नोकरी करते, पण ते परत मागायची माझी अजून हिंमत झालेली नाही.