मी कडुनिंब होतो तेव्हा

आमच्या कॉलनीतल्या शेवटच्या घरातल्या काकांना जगात एकाही माणसाचं नाव ठाऊक नाही. पुलगावला नोकरी करून निवृत्त झालेला हा गृहस्थ प्रत्येकाला त्याच्या फाटकापाशी जे झाड असेल त्या नावाने हाक मारतो. समोरच्या कडक मुख्याध्यापिका अशाच बकुळाबाई झाल्या, आणि पुढे त्यांचे यजमानही त्यांना तसंच म्हणू लागले. एका बँक मॅनेजरांच्या वाट्याला सुबाभूळ आली. बिचाऱ्यांनी आठवड्याभरात आंब्याचं कलम आणून लावलं, तर काका म्हणाले, "मोहोर येऊ द्या, मंग पाहू." पुढचे तीन उन्हाळे ते सुबाभूळच राहिले.

कॉलनीमागच्या टेकडीला काका पहाड म्हणतात. टेकडी म्हटलेलं त्यांना खपत नाही. रोज सकाळी दोन कॅन पाणी घेऊन ते वर जातात, तिथल्या रोपांना पाजतात आणि उतरताना आमची हजेरी घेतात. तारांना लागणाऱ्या फांद्या छाटायला आलेल्या माणसाला त्यांनी एकदा विचारलं, "तुह्या हाताची कोणती बोटं छाटू, सांग!" आणि मग त्यालाच घरी नेऊन चहा पाजला.

मी कडुनिंब. "काऊन रे कडुनिंबा, अजून लोळूनच राह्यला का?" ही हाक पंधरा वर्षं ऐकली. माझा प्लॉट मोकळा पडला होता तेव्हा भर वैशाखात पाणी घालून तो कडुनिंब काकांनीच जगवला होता. हे मला माहीत होतं. तरी गाडी घेतली, फाटक रुंद करायचं ठरलं, आणि काका भाचीच्या लग्नाला हिंगणीला गेले तो आठवडा मी झाड तोडायला मुद्दाम निवडला.

परतल्यावर ते बुंध्यापाशी थोडा वेळ उभे राहिले. मी कारणं तयार ठेवून बाहेर आलो, तर तीही त्यांनीच दिली. "पानं लय पडत असन. आन् गाडीले जागा पाह्यजेच ना." चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या सकाळी फाटकावरून आवाज आला, "साहेब, बरे हाय ना तुम्ही?"

मी पुन्हा कडुनिंब लावला. आता तो कमरेएवढा झालाय. काका हल्ली एकच कॅन नेतात, त्यातलं तांब्याभर पाणी माझ्या रोपाला घालतात. परवा धीर करून विचारलं, "काका, आता तरी?"

त्यांनी एका पानावरची धूळ बोटाने पुसली. "होऊ द्या थोडं मोठं, साहेब. घाई काय हाय?"

घाई मलाच आहे. काका अठ्ठ्याहत्तरचे झाले. चढावर कॅन टेकवून ते दम खाताना दिसतात, आणि त्या संध्याकाळी मी रोपाला एक बादली जास्त घालतो.