कापडानुसार योग्य ते समायोजन

माझ्या लिहिण्याचं केजमध्ये बऱ्याच जणांनी तोंडभरून कौतुक केलं आहे. प्रत्येक वेळी मी हसून मान खाली घातली — आणि लोकांना वाटलं, काय विनयशील माणूस आहे! विनय कसला? मान खाली जायचं कारण वेगळंच होतं. ते मी बायकोला सांगितलं नाही, मुलांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जीभ जरा सैल होते आहे, इतकंच.

आमचं शिलाई मशीनचं दुकान. वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, सुरू केलेलं. अप्पा सकाळी लिंगपूजा आटोपून दुकान उघडायचे आणि वर्षानुवर्षं एकच मशीन विकायचे — काळं, पायानं चालवायचं. ते कसं चालवायचं हे कुणाला समजावून सांगायची गरजच नसे, घरोघरी तेच. मी बी.कॉम. होऊन गल्ल्यावर बसलो, तोवर नव्वद साल उलटलं होतं. बाजार मोकळा झाला होता आणि रोज काहीतरी नवीन येत होतं. मोटारीवरची मशीन, काज करायची मशीन, पिकोची मशीन. खोक्यात गुळगुळीत कागदाचं इंग्रजी पुस्तक. गिऱ्हाईक आधी पुस्तकाकडे बघायचं, मग माझ्याकडे.

म्हणून मी मराठीत लिहून द्यायला लागलो. एका पानात सगळं. आधी स्वतः मशीन चालवायचो, जिथं चुकलो ती जागा लक्षात ठेवायचो आणि तिथं दोन ओळी जास्त लिहायचो. मग तहसीलसमोर जाऊन झेरॉक्स. मोटारीच्या मशीनचा पहिला कागद खरंच चांगला होता — आता खोटा संकोच कशाला करू? इतका चांगला, की मशीन घेऊन गेलेलं माणूस काही विचारायला म्हणून परत आलंच नाही.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

तोवर लोक येत. बसत. चहा होई. कुणी हरभऱ्याचा टहाळ आणी, कुणी बोरं. 'तुमच्याबिगर हे कुणाला जमणार' असं म्हणत, आणि जाता जाता दोरा, सुया, तेल घेऊन जात. शिवाय समोर एक नवीन दुकान लागलं होतं. मी मनाशी म्हणालो, धंदा आहे, गिऱ्हाईक येत राहिलं पाहिजे. पण ते अर्धंच खरं. मला विचारलं जाणं आवडायचं. त्याची चटक लागली होती. तुम्हाला कधी लागली आहे अशी चटक — लोकांचं आपल्यावाचून अडावं, अशी?

मग पिकोच्या मशीनचा कागद लिहायची वेळ आली. साडीची कडा बारीक टाक्यांनी बंद करायची, म्हणजे धागे निघत नाहीत, तो पिको. खेड्यातल्या बायकांना घरबसल्या मिळणारं हे तेव्हाचं नवं काम. त्यात सांभाळायची गोष्ट एकच. कापड पातळ किंवा जरीचं असलं तर बारीक सुई लावायची आणि दोऱ्याचा स्क्रू सैल करायचा. नाहीतर कड आखडते आणि सुईनं भोकं पडतात. मी हे लिहिलं होतं. अगदी याच शब्दांत. मग त्यावर रेघ ओढली आणि वर लिहिलं — 'कापडानुसार योग्य ते समायोजन करावे.'

काय कळलं तुम्हाला या वाक्यातून? काहीच नाही ना? मलाही तेच हवं होतं. वाक्य भारदस्त, चूक कुणाला काढता येणार नाही, आणि उपयोग शून्य. बायका येतील, विचारतील, मी चुटकीसरशी स्क्रू फिरवून दाखवीन. आल्याही. आमच्याकडे कागदावर विसंबणारं माणूस विरळच; सुई लावायच्या आधी चार जणांना विचारणारी ही माणसं. त्यामुळं कुणाचंच काही बिघडलं नाही.

एक माणूस सोडून.

अक्का माझी थोरली बहीण, नांदूरघाटला दिलेली. मी लहान असताना आई आजारी पडली, घरात मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सातवीनंतर तिची शाळा सोडवली. गणितात ती वर्गात पहिली यायची. माझी मुळाक्षरं तिनंच गिरवून घेतली. तिला स्वतःचं म्हणून काहीतरी करायचं होतं — किती वर्षं ती हे दबक्या आवाजात बोलत होती. पिकोचं मशीन तिनं आमच्याच दुकानातून नेलं आणि तो कागद खोक्यात मी माझ्या हातानं ठेवला. तेव्हाच सांगता आलं नसतं का? दुकानात गर्दी होती, हे खरं. पण मनात असंही आलं होतं, की येईल ना विचारायला. बरं वाटेल, अक्का आली तर.

ती आली नाही. तिला विचारायचं सुचलंच नाही, कारण भावानं लिहून दिलं होतं. माझा कागद नीट शेवटपर्यंत वाचणारी, त्यावर पुरता विश्वास ठेवणारी ती एकटी निघाली. मशीनच्या वर भिंतीला तिनं तो खळीनं चिकटवला होता.

सुती साड्या छान झाल्या. गावातल्या बायका यायला लागल्या. मग शेजारणीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तिचा लग्नाचा शालू पिकोला आला. पदराची सगळी कड आखडली, जर तुटली, भोकांची रांग पडली. शेजारीण नुसती रडली. अक्कानं आपली पेटी उघडली आणि स्वतःचा लग्नाचा शालू तिच्या हातात ठेवला. ती मुलगी अक्काच्या शालूत बोहल्यावर उभी राहिली.

मला हे कळलं ते भावजींनी टेंपोतून मशीन परत आणलं तेव्हा. अक्का सोबत होती. दुकानाच्या पायरीवरच थांबली आणि म्हणाली,

"तू लई बैजवार लिवलं होतंस रे. धा बारी वाचलं मी. माझंच डोकं त्यातलं न्हाई."

भावजी म्हणाले, "आगं, मग इचारायचं तरी त्याला."

"सगळं लिवून दिल्यावर अजून कावून तरास द्यायचा त्याला?"

एक वाक्य पुरलं असतं. वाक्यांवर मिरवणारा माणूस मी — आणि ते एक तोंडातून निघालं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून? अप्पा ऐकत होते म्हणून? मी काय म्हणालो, सांगू? "जाऊ दे गं अक्का, होतं असं कधी कधी." म्हणजे मी तिला माफ केलं. चूक माझी, आणि माफी मी तिला देत होतो! वर पूर्ण किंमत देऊन मशीन परत घेतलं. भावजींनी पाहुण्यारावळ्यांत सांगितलं, भाऊ असावा तर असा. अप्पांनी त्या दिवशी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला अजून नकोसा वाटतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी कागद बदलला. बारीक सुई, सैल स्क्रू, सगळं सरळ लिहिलं. जुन्या झेरॉक्स चुलीत घातल्या. म्हणजे मला सगळं नीट ठाऊक होतं. सुधारलेला कागद शेकडो बायकांच्या घरी गेला. अक्काच्या घरी मशीनच उरलं नव्हतं.

त्यानंतर तिनं यंत्राला हात लावला नाही. मिक्सर आला तरी पाटाच वापरला. टीव्हीसुद्धा दुसरं कुणीतरी लावून देतं. यंदा पंचमीला गेलो होतो. सून तिला मोबाइल शिकवत होती — फोटो कसा बघायचा, फोन कसा उचलायचा. अक्कानं हसत हसत तिचा हात बाजूला केला.

"मला नको शिकवू, बाई. तुमच्या ह्या मामासारख्या माणसानं समजावलं तरी जिला कळलं न्हाई, तिला तू काय शिकवणार?"

सगळे हसले. माझ्या हातात चहाची कपबशी होती. मी पण हसलो.

सातवीपर्यंत वर्गात पहिली येणारी माझी बहीण, माझ्या एका ओळीमुळं, स्वतःला जवळजवळ अर्धं आयुष्य मठ्ठ समजत आली आहे. मला ती लई प्रिय आहे. हे खरं आहे, आणि मी तिला अजून काही सांगितलेलं नाही, हेही खरं आहे.

अक्का नांदूरघाटलाच असते. केजहून तिकडं दिवसभर जीपा जातात.