मध्यम बांध्याची सुरक्षा

सुरक्षेत तडजोड म्हणजे समाजाशी द्रोह, असे आमच्या वधू-वर सूचक मंडळाच्या अध्यक्षांनी राजुरीच्या मेळाव्यात माईक हातात धरून सांगितले. टाळ्या पडल्या. लोकांना वाटले, मुलींच्या सुरक्षेबद्दल चाललेय. अध्यक्ष कॉम्प्युटरच्या एका सेटिंगबद्दल बोलत होते.

मंडळासाठी स्थळे शोधायचा प्रोग्रॅम मी अ‍ॅक्सेस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिला होता. बटण दाबले की शोध लागे. बटणामागे मॅक्रो, म्हणजे कॉम्प्युटरला आधीच लिहून दिलेल्या आज्ञा. परक्या कॉम्प्युटरवर अशी फाइल नेली की तो तिच्याकडे संशयाने बघतो. किती संशयाने, हे ठरवायला तेव्हा तीन पायऱ्या असत. ‘लो’वर तो कुणालाही आत घेतो, ‘मिडियम’वर आधी विचारतो, आणि ‘हाय’वर ओळखीची डिजिटल सही नसेल तर दारच उघडत नाही. माझ्या फाइलवर सही नव्हती, म्हणून मंडळाच्या कॉम्प्युटरवर मी ‘मिडियम’ ठेवून गेलो होतो. मेळाव्याच्या सकाळी अध्यक्षांनी ते पाहिले आणि ‘हाय’ केले.

फाइल उघडेना.

पिंपरी पेंढारची एक नर्स टेबलाशी आली. वडील पहिल्या रांगेत बसलेले.

“भाऊ, किती वेळ लागंल?” ती हळूच म्हणाली. “आज काय निघालं न्हाई तर बाबा मढ गावच्या पावण्यांना हो म्हणणार हायेत. त्यांना नोकरीवाली सून नको. अन् मला नोकरी सोडायची न्हाई.”

मी अध्यक्षांकडे वळलो. “मिडियम करू द्या.”

“मिडियम? आपली संस्था मिडियम हाये का, राव? पत्रिकेवर काय छापलंय? उच्चविद्याविभूषित, उच्चकुलीन! अन् आत मिडियम?”

“हायवर त्याला सही लागते.”

“मग मी करतो की. आणा पेन.”

मी पेन दिले नाही. भरलेल्या फॉर्मांचा गठ्ठा पुढे केला. आमच्याकडे पैलवान असो की काडी, बायोडेटात बांधा ‘मध्यम’च लिहितात.

“ही सगळी मुलं मध्यम बांध्याची. चालतात ना?”

“चालतात म्हंजे? मध्यम बांधा लई खानदानी असतो.”

“मग सुरक्षाही मध्यम बांध्याची ठेवू.”

अध्यक्षांनी गठ्ठ्यावर थाप मारली. “आसं मराठीत सांगा ना. इंग्रजी कशाला झाडता?”

फाइल उघडली. नर्सने अटी सांगितल्या: नोकरी करू देणारा, पदवीधर, घोडेगावला कामाला, उंची पाच सात, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. रक्तगटावर शोध घेणारी ती पहिलीच. बटण दाबले, नेमके एक स्थळ आले. अध्यक्षांनी छापील कागदावर मंडळाचा शिक्का मारला. वडिलांनी तो नीट वाचला, शिक्क्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, “कॉम्प्युटरनंच काढलंय म्हणल्यावर आपण कोण नाय म्हणणारे?”

मढच्या पावण्यांना नकार गेला, घोडेगावचे लग्न झाले. संगणकाने जुळवलेले तालुक्यातले पहिले लग्न म्हणून अध्यक्ष पुढे प्रत्येक भाषणात ते सांगत.

मुलगा तिच्याच दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मंडळाचा फॉर्म त्याच्याकडून तिनेच भरून घेतला होता.